इंग्लंडमधल्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट: एजन्सीनं केलेली अन्यायकारक कपात कशी लढवावी

इंग्लंडमध्ये भाड्यानं राहणाऱ्या प्रत्येकानं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. डिपॉझिटचा पैसा एजन्सीचा नसतो, घरमालकाचाही नसतो. तो भाडेकरूचा असतो. त्यातून काही कापायचं असेल तर नुकसान झालं आहे, ते तुमच्या वास्तव्यात झालं आहे आणि मागितलेली रक्कम वाजवी आहे, हे सगळं त्यांनी दाखवायचं. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करत बसणं हे तुमचं काम नाही. तरीही आपल्यातले बरेच जण, विशेषतः मास्टर्स संपवून परतीच्या तयारीत असलेले विद्यार्थी आणि नोकरी बदलून दुसऱ्या शहरात निघालेली कुटुंबं, एजन्सीकडून कपातीची यादी आली की तिला अंतिम हुकूम समजतात. ‘जाऊ दे, परक्या देशात कशाला वाद’ असं म्हणून शेकडो पौंड सोडून देतात. ती यादी म्हणजे फक्त एक प्रस्ताव असतो आणि तो नाकारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एक भीती आधीच दूर करतो. डिपॉझिटचा वाद नेला म्हणून व्हिसावर परिणाम होत नाही आणि क्रेडिट रेकॉर्डवरही नोंद होत नाही. हा पैशांपुरता मतभेद असतो आणि तो सोडवण्यासाठीच सरकारनं व्यवस्था केलेली आहे.

खालचे नियम इंग्लंडचे आहेत. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्येही डिपॉझिट सुरक्षित ठेवण्याच्या योजना आहेत, पण त्यांचे कायदे आणि मुदती वेगळ्या आहेत. विद्यापीठाच्या हॉलमध्ये राहणाऱ्यांना किंवा मालकाच्याच घरात एक खोली घेऊन लॉजर म्हणून राहणाऱ्यांना हे संरक्षण सहसा लागू होत नाही.

पैसे नेमके कुठे आहेत?

भांडण सुरू करण्याआधी हे शोधा. ६ एप्रिल २००७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नेहमीच्या खाजगी भाडेकराराचं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित करणं बंधनकारक झालं. अशा तीन योजना आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. पैसे मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत एजन्सीनं किंवा घरमालकानं डिपॉझिट यांपैकी एका योजनेत सुरक्षित करून त्याची ठरावीक माहिती तुम्हाला लेखी द्यायची असते: कोणती योजना, किती रक्कम, कोणत्या कारणांसाठी कपात होऊ शकते, वाद झाला तर काय करायचं.

तो कागद सापडत नसेल तर तिन्ही योजनांच्या संकेतस्थळांवर शोध घ्या. आडनाव, घराचा पोस्टकोड, करार सुरू झाल्याची तारीख आणि रक्कम एवढ्यावर काम होतं. तीनही ठिकाणी बघा, एकावर थांबू नका. दोघं-तिघं मिळून घर घेतलं असेल तर नोंद बहुधा प्रमुख भाडेकरूच्या नावावर असते, त्याचं आडनाव टाकून पाहा.

सापडल्यावर पैसे योजनेच्याच ताब्यात आहेत, की एजन्सीकडे असून त्यांना योजनेचं विमासंरक्षण आहे, तेही बघा. पहिल्या प्रकारात तुम्ही थेट योजनेच्या खात्यावरून परतफेडीची मागणी सुरू करू शकता. दुसऱ्या प्रकारात आधी एजन्सीकडे लेखी मागणी करावी लागते. दहा दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर योजनेकडे जाता येतं. मग वादातली रक्कम एजन्सीला योजनेकडे जमा करावी लागते. विमा प्रकारात वाद नोंदवायला साधारणपणे घर सोडल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते. ‘घरमालकाशी बोलतोय’, ‘पुढच्या आठवड्यात कळवतो’ असं करत एजन्सी दिवस ढकलत राहते आणि मुदत निघून जाते. ही तारीख फोनमध्ये लावून ठेवा.

डिपॉझिट कुठल्याच योजनेत सापडलं नाही तर प्रकरण वेगळं आणि तुमच्या बाजूनं अधिक भक्कम होतं. त्याबद्दल पुढे येईलच.

रक्कमही तपासा

१ जून २०१९ ला लागू झालेल्या टेनंट फीज अ‍ॅक्टनुसार, वार्षिक भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. हिशेब साधा आहे. महिन्याचं भाडं १,३०० पौंड असेल तर वर्षाचं १५,६००. त्याला ५२ नं भागलं की आठवड्याचं ३०० पौंड. म्हणून डिपॉझिटची मर्यादा १,५०० पौंड. या कायद्यानं आणखीही काही गोष्टी बंद केल्या. घर सोडताना चेक-आउट फी, इन्व्हेंटरी फी, ‘अ‍ॅडमिन चार्ज’ अशा नावांनी भाडेकरूकडून पैसे घेता येत नाहीत आणि तेच पैसे डिपॉझिटमधून कापण्याची पळवाटही काढता येत नाही.

‘प्रोफेशनल क्लीनिंग’चं कलम तर जवळजवळ प्रत्येक करारात दिसतं. ठरावीक कंपनीकडून पैसे देऊन सफाई करून घ्याच, अशी सक्ती एजन्सी करू शकत नाही. घर ताब्यात घेताना जितकं स्वच्छ होतं तितकंच स्वच्छ करून परत द्या, एवढंच त्यांना मागता येतं. सफाई तुम्ही स्वतः केली की कोणाकडून करून घेतली, याला महत्त्व नाही.

यादी आली की काय मागायचं

एजन्सीची ईमेल आली की लगेच फोन उचलू नका. फोनवर बोललेलं नंतर कोणाला दाखवता येत नाही. दोन दिवस शांतपणे कागद गोळा करा: करार, चेक-इनची इन्व्हेंटरी किंवा रिपोर्ट (घर ताब्यात घेताना केलेली वस्तूंची आणि त्यांच्या अवस्थेची नोंद), तुम्ही आत येताना आणि बाहेर पडताना काढलेले फोटो, दुरुस्तीसाठी पाठवलेल्या जुन्या ईमेल, भाड्याच्या पावत्या. मग इंग्रजीत, सभ्य पण ठाम उत्तर पाठवा. मजकूर साधारण असा असावा:

‘तुमची अमुक तारखेची ईमेल मिळाली. प्रस्तावित कपात मला मान्य नाही. प्रत्येक कपातीसाठी चेक-इन आणि चेक-आउट रिपोर्टमधली संबंधित नोंद, तारीख असलेले फोटो, दुरुस्तीचं बिल किंवा अंदाजपत्रक, आणि त्या वस्तूचं वय व मूळ किंमत यांचा पुरावा पाठवावा. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती लगेच परत करावी. तिचा स्वीकार म्हणजे उरलेल्या रकमेवरचा हक्क सोडणं असं समजू नये. सात दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी योजनेकडे वाद नोंदवीन.’

यातलं वादातीत रकमेबद्दलचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. अनेक एजन्सी ‘एवढे घ्या आणि विषय संपवा’ म्हणत एका दुव्यावर क्लिक करायला लावतात. त्या दुव्याच्या पानावर ‘पूर्ण आणि अंतिम तडजोड’ असे शब्द असतील तर क्लिक करू नका.

एजन्सी घरमालकाच्या वतीनं काम करते, म्हणून ईमेलची प्रत घरमालकालाही पाठवा. कधीकधी कपातीचा पूर्ण तपशील घरमालकाला माहीतच नसतो. नाव-पत्ता नसेल तर एजन्सीकडे लेखी मागा. भाडं घेणाऱ्या किंवा शेवटचं भाडं घेतलेल्या व्यक्तीला तो २१ दिवसांत द्यावाच लागतो.

झीज आणि नुकसान यांतला फरक

सगळा वाद खरं तर याच मुद्द्यावर जिंकला किंवा हरला जातो, म्हणून इथे थोडं थांबू या. माणूस घरात राहतो तेव्हा घर झिजतं. दारापासून सोफ्यापर्यंतच्या वाटेवर कार्पेट दबतं, खुर्चीच्या पाठीनं भिंतीवर रेघ उमटते, उन्हानं पडदे फिके होतात, नळाभोवतीचं सीलंट पिवळं पडतं. ही वापरानं होणारी झीज आहे आणि तिच्यासाठी घरमालक तुमच्याकडून पैसे घेऊ शकत नाही. त्यासाठीच तो भाडं घेत असतो. इस्त्रीनं जळालेलं कार्पेट, फुटलेलं बेसिन, मुलानं भिंतीवर काढलेली चित्रं हे नुकसान. झीज ठरवताना करार किती वर्षांचा होता आणि घरात किती माणसं राहत होती हेही बघितलं जातं. दोन लहान मुलांचं कुटुंब तीन वर्षं राहिलं तर झीज जास्त होणार, हे घर भाड्यानं देतानाच मालकाला माहीत असतं.

दुसरं तत्त्व: नुकसान खरोखर तुमच्याकडून झालं असलं तरी मालकाला जुन्याच्या बदल्यात नवं मिळता कामा नये. वस्तूचं जेवढं आयुष्य शिल्लक होतं, तेवढ्याचीच भरपाई. नवं घेताना ६०० पौंड लागलेलं, साधारण आठ वर्षं टिकणारं कार्पेट तुम्ही सोडताना सहा वर्षांचं झालं असेल तर उरलेली दोन वर्षं, म्हणजे १५० पौंड. एजन्सी ६०० मागत असेल तर बाकीचे ४५० पौंड मालकाच्या नव्या कार्पेटची वर्गणी ठरते. शिवाय डाग एकाच खोलीत असेल तर हिशेबही त्याच खोलीपुरता.

आता एक पूर्ण यादी घेऊन बघू. समजा वरच्याच १,५०० पौंडांच्या डिपॉझिटमधून एजन्सी सफाईचे २४०, कार्पेटचे ६००, रंगाचे ३५०, चेक-आउट रिपोर्टचे ९० आणि तुटलेल्या ब्लाइंडचे ४५ असे १,३२५ पौंड कापते आहे आणि तुम्हाला १७५ पौंड देऊ करते आहे.

चेक-आउट रिपोर्टचे ९० तर कायद्यानंच बाद. सफाईसाठी चेक-इन रिपोर्ट उघडा. तिथे ओव्हनसमोर ‘जाळ्यांवर चिकटपणा’ असं लिहिलं असेल आणि तुमच्या शेवटच्या दिवसाच्या फोटोंत ओव्हन, फ्रीज, बाथरूम स्वच्छ दिसत असतील तर २४० पौंडांना आधार उरत नाही. चेक-इन रिपोर्टच नसेल तर एजन्सीची बाजू फारच लंगडी पडते, कारण सुरुवातीला घर कसं होतं हे कळायला मार्गच राहत नाही. कार्पेटवरचा डाग तुमचा असेल तर वरच्या हिशेबानं १५० देऊ करा. रंगाच्या ३५० मध्ये पूर्ण फ्लॅट रंगवायचा असेल आणि डाग एकाच भिंतीवर असतील तर त्या भिंतीपुरते, रंग किती जुना आहे ते बघून, समजा ४० पौंड. ब्लाइंड तुमच्याकडूनच तुटलं असेल आणि किंमत ठीक असेल तर ४५ मान्य करा. मग तुमचा प्रस्ताव २३५ पौंड कपातीचा, म्हणजे १,२६५ पौंड परत मिळण्याचा होतो.

जे खरंच तुमच्याकडून झालं ते कबूल करणं मला तत्त्वानं योग्य वाटतंच, शिवाय त्यानं तुमचं बाकीचं म्हणणंही जास्त विश्वासार्ह ठरतं. सगळंच नाकारणाऱ्याचा कागद वाचणारा सावध होतो.

आपल्या स्वयंपाकघराबद्दलही बोलायला हवं. ओट्यावर राहिलेला हळदीचा पिवळा डाग, एक्झॉस्टच्या जाळीवर फोडण्यांमुळे साचलेला तेलकट थर, या गोष्टी एजन्सी हमखास टिपते. जाळी गरम पाण्यात भिजवून स्वच्छ करता येते आणि ती घर सोडण्याआधी करावीच. ‘मसाल्याचा वास’ या नावाखाली मोठी रक्कम मागितली जाते तेव्हा मात्र दबून जाऊ नका. वास फोटोत येत नाही. तो होता, घर साफ करून आणि खिडक्या उघड्या ठेवूनही गेला नाही, आणि त्यासाठी अमुक खर्च खरोखर करावा लागला, हे त्यांना कागदानं दाखवावं लागतं. रोजचं जेवण बनवणं हा घराचा सामान्य वापर आहे.

योजनेकडे वाद नेणं

एजन्सीशी मेळ बसला नाही तर योजनेच्या मोफत वाद-निवारण सेवेकडे जा. वकील लागत नाही, सुनावणी नसते, कोणी घर पाहायलाही येत नाही. अ‍ॅडज्युडिकेटर, म्हणजे निवाडा करणारा तटस्थ माणूस, फक्त दोन्ही बाजूंनी दिलेले कागद वाचून ठरवतो. म्हणून पुरावा मांडण्यावर वेळ घालवा. एकदा दिलेल्या पुराव्यात नंतर भर घालायची संधी मिळेल असं गृहीत धरू नका.

शंभर फोटो एका फोल्डरमध्ये कोंबून पाठवणं हा सगळ्यात वाया जाणारा कष्ट. कपातीच्या यादीच्याच क्रमानं उत्तर लिहा. प्रत्येक मुद्द्याखाली चार ओळी पुरतात: ते काय म्हणतात, चेक-इन रिपोर्टच्या कोणत्या पानावर काय लिहिलं आहे, माझा कोणता फोटो काय दाखवतो, किती रक्कम मला मान्य आहे. फोटोंना नाव द्या: ‘फोटो ३, बेडरूमची खिडकीकडची भिंत, शेवटचा दिवस’. मूळ फाइल जपून ठेवा, कारण तारीख तिच्यात असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेल्या फोटोतून ती निघून जाते. एजन्सीशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं असेल तर तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या.

भावनिक भाग वगळा. एजन्सीची माणसं किती उद्धट होती, बॉयलर तीन आठवडे बंद होता, हे खरं असलं तरी इथे उपयोगाचं नाही. हा निवाडा फक्त डिपॉझिटमधून काय कापावं याचाच असतो. गैरसोयीची भरपाई हवी असेल तर तो दावा वेगळा, कोर्टात करायचा. मात्र भिंतीवरच्या बुरशीसाठी पैसे कापले असतील आणि तुम्ही गळतीची तक्रार लेखी केलेली असेल, तर ती जुनी ईमेल हा तुमचा सर्वांत मजबूत कागद आहे.

या सेवेला दोन्ही बाजूंची संमती लागते आणि निकाल दोघांवर बंधनकारक असतो. तो पटला नाही म्हणून तोच वाद पुन्हा कोर्टात नेता येईल असं समजू नका. तरीही बहुतेकांसाठी मी हाच मार्ग सुचवीन, कारण खर्च शून्य आहे आणि पुराव्याचा भार समोरच्यावर आहे. पुरावे पोहोचल्यावर निकाल साधारण २८ दिवसांत येतो. समोरची बाजू उत्तरच देत नसेल आणि पैसे योजनेकडे असतील, तर एकतर्फी मागणी करायचीही सोय असते. कोणते फॉर्म भरायचे ते योजनेला विचारा.

डिपॉझिट सुरक्षितच केलं नसेल तर

मग हाउसिंग अ‍ॅक्ट २००४ च्या कलम २१४ खाली काउंटी कोर्टात दावा करता येतो. डिपॉझिट ३० दिवसांत सुरक्षित केलं नाही किंवा ठरावीक माहिती दिली नाही, यांपैकी एक चूक पुरेशी असते. ती सिद्ध झाली की कोर्ट डिपॉझिटच्या एकपट ते तीनपट रक्कम दंड म्हणून तुम्हाला द्यायला लावतं. घरमालकासोबत त्याच्या वतीनं डिपॉझिट घेणारी एजन्सीही यात जबाबदार धरली जाऊ शकते. मुदत सहा वर्षांची आहे, म्हणजे जुन्या घराचं प्रकरणही तपासून बघायला हरकत नाही.

लगेच कोर्टात धावू नका. आधी ‘इतक्या दिवसांत डिपॉझिट आणि दंडाची रक्कम दिली नाही तर दावा दाखल करीन’ असं पत्र पाठवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. या दाव्यासाठी एन२०८ हा फॉर्म वापरला जातो. कोर्टाची फी भरावी लागते आणि हरलात तर खर्च अंगावर येऊ शकतो, म्हणून हे पाऊल टाकण्याआधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा शेल्टर या संस्थांचा मोफत सल्ला घ्या. विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्रातही विचारावं. तिथल्या लोकांना ही प्रकरणं नेहमीची असतात.

एजन्सीच्या वागणुकीबद्दल तक्रार

बंदी असलेली फी लावणं, ईमेलला उत्तरच न देणं, खोटी माहिती देणं, याची तक्रार वेगळी करता येते. इंग्लंडमधल्या प्रत्येक लेटिंग एजन्सीला सरकारमान्य तक्रार निवारण योजनेचं सदस्य असावं लागतं. प्रॉपर्टी ऑम्बड्समन ही त्यांतली एक. आधी एजन्सीकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर प्रकरण त्या योजनेकडे न्या. बेकायदा फीबद्दल कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागालाही कळवता येतं.

देश सोडून जात असाल तर

वाद भारतात बसूनही पूर्ण करता येतो, कारण सगळं ऑनलाइन आणि कागदांवर चालतं. फक्त तीन गोष्टी सांभाळा. पैसे हातात येईपर्यंत ब्रिटिश बँक खातं बंद करू नका. योजनेत नोंदवलेला ईमेल विद्यापीठाचा किंवा कंपनीचा असेल तर तो बंद होण्याआधी खाजगी ईमेल नोंदवा. फोन नंबरही बदला, नाहीतर खात्यात शिरायचा कोड जुन्या सिमवर जात राहील. घर मित्रांबरोबर घेतलं असेल तर प्रमुख भाडेकरू कोण आहे आणि परत आलेल्या रकमेची वाटणी कशी होणार, हे सगळे एकाच शहरात असतानाच ईमेलवर लिहून घ्या.